राणीचा जिना

आमच्या कुंपणावर कोणताही विषय निघू दे, बोंबलाचा भाव असो, एमआयडीसीतून रात्री येणारा वास असो की टेंभीकडच्या रस्त्यातले खड्डे, शेजारचे नाना तो हां हां म्हणता फ्लाइंग राणी या सुरत-मुंबई गाडीवर नेऊन सोडतात. परवा त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, वाल सोलत बसल्या होत्या आणि मी अलीकडून दोन मुठी घेऊन त्यांना हातभार लावत होते. बोलणं चाललं होतं मागच्या आळीत कोणाच्या घरावर दुसरा मजला चढतोय त्याचं. काकी म्हणाल्या, "म्हातारी आता जिना चढून वर झोपायला जाणार होय?" झालं. तेवढं नानांना पुरलं. पेपरची घडी घालून ते कुंपणाशी आले.

"जिना आणि वरचा मजला काय चीज असते, ते राणीत बसलेल्याला विचारा."

काकींनी माझ्याकडे बघून डोळे मिटले. म्हणजे आता वाल संपेपर्यंत सुटका नाही.

इथे पाम गावात घर बांधण्याआधी नाना पालघरला राहायचे. नोकरी दादरला, आणि जाणं-येणं बहुतेक राणीने. सकाळी सुरतेहून येणारी राणी पालघरला धरायची, संध्याकाळी दादरला. निवृत्त झाले, जुनी जागा विकली, इथे गावात आले. आता मुंबईला जाणं म्हणजे दाताचा डॉक्टर नाहीतर कुणाचं लग्न. पण 2023 च्या पावसाळ्यात राणीचे डबलडेकर डबे काढले, तेव्हापासून त्यांचा जो जीव वर-खाली होतोय तो अजून थांबलेला नाही. ज्यांचा पास चालू आहे ते एव्हाना नव्या डब्यांना सरावलेसुद्धा. ज्यांचा पास संपून जमाना झाला ते मात्र अजून भांडतायत. हे मी सगळीकडे बघितलंय. देवळाचा जीर्णोद्धार निघाला की सगळ्यात मोठ्या आवाजात विरोध करणारा माणूस वर्षातून एकदा दर्शनाला येणारा असतो.

राणीची कुंडली नाना तोंडपाठ सांगतात, आणि खरं सांगायचं तर ती ऐकण्यासारखी आहे. ही गाडी पहिल्यांदा धावली 1906 मध्ये. मग 1 मे 1937 ला सुरतेहून पुन्हा थाटात सुरू झाली. महायुद्धाच्या काळात बंद पडली, ती थेट 1950 मध्ये परत आली. साठच्या दशकात मधल्या पल्ल्याच्या गाड्यांत सगळ्यात वेगवान म्हणून तिचं नाव होतं. 1977 पासून विजेचं इंजिन. आणि 18 डिसेंबर 1979 ला तिला दुमजली डबे लागले.

"आणि ते डबे त्रेचाळीस वर्षं धावले!" नाना म्हणाले. "त्रेचाळीस वर्षं! आजकालची लग्नं तेवढी टिकत नाहीत."

"जी टिकतात ती का टिकतात ते मी सांगू का?" काकी म्हणाल्या. नानांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

ज्यांनी तो डबा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण आता तो दाखवायला मिळणार नाही. दारातून आत शिरलं की माणूस मधल्याच पातळीवर असायचा. तिथे थोडी बाकं, मग समोर दोन वाटा : चार पायऱ्या खाली, किंवा वर. खाली उतरलं की खिडकी फलाटाच्या बरोबरीला. गाडी उभी राहिली की खिडकीतून माणसं दिसत नसत, चपला दिसत. पालघरच्या फलाटावर कोळणींच्या टोपल्या आणि नोकरदारांचे बूट, बोरीवलीला नुसती बुटांची धावपळ. वर गेलं तर वारा, उजेड, लांबवरची मिठागरं, वैतरणेचा पूल आला की दोन्हीकडे पाणी. पण छत एवढं खाली की उंच माणसाने मान वाकवूनच बसावं, आणि मे महिन्यात पत्रा तापला की वरच्या मजल्यावर भाकरी शेकली असती. सामान ठेवायला धड फळी नाही. बॅगा मांडीवर, आणि मांडीवरच्या बॅगेवर मेंढीकोटचा डाव.

"अहो, पण तुम्ही तेव्हा या सगळ्याच्या तक्रारीच करायचात," मी म्हटलं. "खालच्या खिडकीतून पानाची पिचकारी आत येते म्हणून. वर उकडतं म्हणून. पावसात खाली चिखल उडतो म्हणून."

"तक्रार आपल्या माणसाचीच करतो ना आपण?" नाना म्हणाले. यावर काय बोलणार!

एवढ्यात समोरचे अण्णा आले. अण्णा म्हणजे तारापूरच्या अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेले. त्यांचं आयुष्य नियम, तपासणी आणि सही या तीन गोष्टींत गेलं. 1969 मध्ये सुरू झालेल्या केंद्रात नोकरी केलेला माणूस जुन्याचा कैवारी असेल असं वाटेल, पण अण्णांचं उलटं आहे. जुनं यंत्र किती जपावं लागतं ते त्यांना माहीत आहे, म्हणून नवं आलं की त्यांना हायसं वाटतं.

"नाना, तुमचे ते डबे भंगारात जायलाच पाहिजे होते," अण्णांनी फाटकातूनच सुरुवात केली. "चेन्नईच्या आयसीएफ कारखान्याची जुनी बनावट. टक्कर झाली की एक डबा दुसऱ्यावर चढतो. आता लागलेल्या नव्या एलएचबी डब्यांत तसं होत नाही. जोडणीच अशी केलीय की धक्का बसला तरी डबे एकमेकांवर चढत नाहीत. चाकांना डिस्क ब्रेक. मूळ जर्मन कंपनीचा डबा, आपल्याकडे कपूरथळ्याला बनायला लागला. चेन्नईच्या कारखान्याने तर 2018 मध्ये जुन्या बनावटीचे डबे बनवणंच थांबवलं. सुटे भाग मिळणार कुठून?"

"सुटे भाग मी मागितले होते का?" नाना.

"तुमचा जीव सुटा झाला असता एखाद्या दिवशी, मग कळलं असतं."

अण्णांचं म्हणणं बरोबर आहे, हे मी तिथेच म्हटलं आणि नानांची एक मूठ वाल मला कमी मिळाली. पण बरोबर असलेलं म्हणणं ऐकून कोणाचं समाधान झालंय असं मी आजवर पाहिलं नाही. आणि गंमत अशी की नव्या डब्यांबद्दल पासवाल्यांची पहिली तक्रार आली ती सुरक्षेची नव्हे, हिसक्यांची. एलएचबी गाडी सुटताना आणि थांबताना आचके देते, ही ओरड देशभर होती, त्यासाठी जोडण्या सुधारायचं कामही रेल्वेला काढावं लागलं. उभ्याने जाणाऱ्याला हा आचका बसलेल्याच्या दुप्पट लागतो. आणि आमच्या बाजूचा माणूस सकाळच्या गाडीला उभाच असतो.

नव्या गाडीचा दिवस नानांना लख्ख आठवतो. 16 जुलै 2023, रविवार. तेव्हाच्या रेल्वे राज्यमंत्री आणि सुरतच्या खासदार दर्शना जरदोश यांनी सुरतेला झेंडा दाखवला. हारतुरे, फोटो. नाना इथे पाममध्ये, मोबाइलवर. खरी परीक्षा सोमवारी होती. सोमवारी पालघरच्या फलाटावर माणसं नेहमीच्या जागी उभी राहिली. कोण खांबापाशी, कोण वडापावच्या स्टॉलसमोर, कोण पुलाच्या तिसऱ्या पायरीखाली. वर्षानुवर्षं दार तिथेच यायचं. नव्या डब्याची लांबी जुन्यापेक्षा दोनेक मीटर जास्त. एका डब्याला दोन मीटर म्हणजे काही नाही, पण दहाव्या डब्यापर्यंत जाता जाता दार कुठल्या कुठे सरकतं. गाडी लागली आणि सगळ्यांच्या पुढ्यात दाराऐवजी खिडकी.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारलं, कारण नाना तर त्या दिवशी घरी होते.

"गाडीतल्या ग्रुपमधल्यांनी. फोन आला ना मला. म्हणाले, नाना, पळापळ झाली, बायका एकीकडे, आम्ही एकीकडे, चाळीतली घरं बदलल्यासारखं झालं."

ही गोष्ट मला फार खरी वाटते. नवा डबा बनवणाऱ्याने चाकं मोजली, बाकं मोजली, दारं मोजली. पण खांबापाशी उभा राहणारा माणूस हा त्या गाडीचाच एक भाग होता, हे कुठल्या नकाशात येणार? रोज त्याच दारातून त्याच माणसांत चढायचं, हे ज्यांचं वर्षानुवर्षं चालत आलेलं असतं त्यांची सकाळ त्या दारापाशीच सुरू होते. कोणाच्या मुलीचं जमलं, कोणाची बदली थांबली, कोणाच्या साहेबाने काय केलं, हे सगळं त्या दारात कळायचं. दसऱ्याला त्याच दाराला तोरण लागायचं, हार घालायचे, पेढे वाटायचे. दार सरकलं की बातम्या सरकल्या.

आता आतली गोष्ट. ती काकींनी बाहेर काढली, आणि मला वाटतं त्या अर्धा तास तिचीच वाट बघत होत्या.

"ताई, यांना विचार, वरच्या मजल्यावर हे किती वेळा बसले?"

नाना पेपर उलगडायला लागले.

"अहो, सांगा ना. सुरत, नवसारी, वलसाड, वापी, सगळीकडून भरून येणारी गाडी. पालघरला येईस्तोवर वर-खाली एक जागा रिकामी नाही. वर रुमाल टाकलेले, वहीचं पान टाकलेलं, कोणाकोणाची नावं घेऊन धरलेली जागा. हे बसायचे जिन्यावर! पेपर खाली पसरून, पायरीवर. येणारा-जाणारा ओलांडून जायचा. मी शिवलेल्या पँटींच्या मागच्या शिवणी उसवायच्या त्या काय उगाच?"

अण्णा एवढ्या जोराने हसले की त्यांना ठसका लागला.

पण नाना मानी माणूस. क्षणभर थांबले, मग म्हणाले, "जिना तर जिना! नव्या डब्यात जिना आहे का? दाखवा मला."

आणि बघा, सगळ्या गोंधळातला हाच मुद्दा खरा निघाला. जुन्या डब्यात जागा जास्त होत्या हे तर आहेच. दोन मजल्यांचा डबा काढून एक मजल्याचा लावला की माणसं कुठे जाणार, हा प्रश्न पालघरच्या पासवाल्यांनी तेव्हाही विचारला आणि तो सरळ हिशोबाचा प्रश्न आहे. पण हिशोबात धरलेली जागा म्हणजे बाक. जिना कोणी धरलाच नव्हता. तो बसायसाठी नव्हताच. नियमाप्रमाणे तिथे बसलेला माणूस वाटेतला अडथळा. आणि सुरतवाल्यांची बाकं गेली तेव्हा त्यांना दुसरी बाकं मिळाली. पालघरवाल्यांचा जिना गेला तेव्हा त्यांना काही मिळालं नाही, कारण कागदावर त्यांच्याकडे काही नव्हतंच. घर पाडताना मालकाला फ्लॅट मिळतो, ओट्यावर झोपणाऱ्याला काय मिळतं?

नानांची सून संध्याकाळी कामावरून आली तेव्हा हा विषय अजून चालूच होता. ती अंधेरीला जाते, बोईसरहून डहाणू लोकलने. पर्स न ठेवताच कुंपणाशी उभी राहिली.

"बाबा, तुमच्या त्या जिन्यावर एका तरी बाईला बसायला मिळालं का हो?"

नाना म्हणाले, "बायकांचा डबा वेगळा असायचा."

"तेच म्हणतेय. तुमचं ते सगळं अंगण, ओटा, मेंढीकोट, भजन, ते सगळं तुमचं. मी कॉलेजला असताना एकदा चुकून जनरल डबलडेकरमध्ये चढले होते. खाली उतरले तर सगळे असे बघायला लागले जणू मी पुरुषांच्या न्हाव्याच्या दुकानात शिरलेय. एकाने जागा दिली नाही, पण पंचवीस जणांनी सांगितलं की ताई, लेडीज पुढे आहे."

यावर अण्णांनी मान डोलावली. त्यांची स्वतःची तक्रार वेगळी होती. कधीमधी तिकीट काढून जाणाऱ्या माणसाला हे पासवाले कसे वागवतात ते त्यांनी भोगलेलं. खिडकीची जागा रिकामी दिसली म्हणून बसलं की "ती पाटील साहेबांची आहे, बोरीवलीला चढतात." पाटील साहेब कोण, तर ज्यांच्या नावाचा रुमाल. अण्णा म्हणाले, "तुमचा अड्डा तुम्हाला घर वाटतो. बाहेरून येणाऱ्याला तो टोलनाका वाटतो."

मला दोन्ही बाजू पटतात, त्यामुळे दोन्हीकडची बोलणी खाते. नानांचं दुःख खरं आहे, आणि सुनेचं बोलणंही खरं आहे. जुनी मांडणी ज्यांना सोयीची होती तेच तिच्यासाठी रडतात. ज्यांना ती मांडणी दाराबाहेरच ठेवत होती ते नव्याला हरकत घेत नाहीत, पण म्हणून नवं त्यांच्यासाठी केलेलं असतं असंही नाही.

कारण सुनेचीही एक जखम आहे, आणि ती राणीची नव्हे, लोकलची आहे. एप्रिल 2013 मध्ये डहाणूपर्यंत उपनगरी लोकल आली तेव्हा पालघर-बोईसरमध्ये दिवाळी झाली. तोवर विरारच्या पुढे म्हणजे शटल, मेमू आणि थांबल्या तर एक्स्प्रेस. चर्चगेटचा बोर्ड लावलेली गाडी डहाणूहून सुटते हे बघायला लोक स्टेशनवर गेले होते. पण पहिल्याच आठवड्यात बायकांच्या लक्षात आलं ते पुरुषांच्या लक्षात यायला बराच वेळ लागला. मेमूत शौचालय असायचं. लोकलमध्ये नाही. डहाणू ते चर्चगेट म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, अडीच तासांच्या पुढचा प्रवास. मुंबईच्या आतल्या गर्दीसाठी बनवलेली गाडी लांबवून इथपर्यंत आणली, पण लांबलेल्या माणसाचा विचार केला नाही.

"मी सकाळी घरातून निघताना चहा घेत नाही," सून म्हणाली. "घेतला तर अंधेरीपर्यंत देवाचं नाव. तुम्ही जिन्यासाठी रडता. आमच्या डब्यातल्या बायकांना विचारलं असतं तर आम्ही आधी हे सांगितलं असतं. पण विचारतं कोण?"

यावर मात्र नानाही गप्प झाले. काकींनी आतून तिच्यासाठी चहा आणला.

मग विषय नेहमीच्या वाटेने पुण्याकडे गेला. पुण्याचा उल्लेख झाल्याशिवाय आमच्याकडे कोणतीच तक्रार पूर्ण होत नाही. 1930 ची डेक्कन क्वीन, तिलाही 2022 च्या जूनमध्ये हेच एलएचबी डबे लागले. पण तिथे डायनिंग कार राहिली. नव्या गाडीला नवी डायनिंग कार जोडली. टेबल-खुर्चीवर बसून ऑम्लेट खात घाट उतरण्याचा पुणेकरांचा हक्क शाबूत. दरवर्षी 1 जूनला केक कापतात, वाढदिवस करतात, पेपरात फोटो येतात.

"बघा," नाना म्हणाले, "त्यांनी ताट वाचवलं. आम्हाला साधी पायरी वाचवता आली नाही."

"त्यांना लिहिता येतं," काकी म्हणाल्या. "तुम्ही जिन्यावर पत्ते खेळत होतात."

हे जरा लागण्यासारखं होतं, पण खोटं नाही. पुण्याच्या गाडीत संपादक बसतात, वकील बसतात, निवृत्त न्यायाधीश बसतात. आमच्या गाडीत एमआयडीसीतले फिटर, शाळेतले शिक्षक, बँकेतले कारकून, वसईला उतरणारी मासेवाली. पुण्याच्या गाडीचं काही बदलायचं म्हटलं की अग्रलेख येतो. आमचं निवेदन स्टेशन मास्तरच्या टेबलावर पेपरवेटखाली जाऊन बसतं. इथल्या प्रवासी संघटना भांडतात, थांबे मागतात, मिळवतातही. डहाणूची लोकल त्यांच्याच चिकाटीने आली म्हणायला हरकत नाही. पण थांबा मागता येतो, वेळ मागता येते. "आम्हाला पायरी परत द्या" असं निवेदन कोणत्या तोंडाने लिहायचं?

अण्णांनी इथे बेस्टच्या बसचं काढलं. मुंबईत दुमजली बस सुरू झाली ती 1937 मध्ये, म्हणजे राणी सुरतेहून थाटात निघाली त्याच वर्षी. आणि जुन्या डिझेलच्या दुमजली बसची शेवटची फेरी झाली 15 सप्टेंबर 2023 ला, राणीचे डबे गेल्यावर बरोबर दोन महिन्यांनी. दोघी एकाच वर्षी गेल्या. त्या बसला लोकांनी फुगे लावले, हार घातले, फोटो काढायला गर्दी केली. पण अण्णांचा मुद्दा पुढे होता : बसला त्यांनी वातानुकूलित विजेवर चालणारी दुमजलीच दुसरी आणली. मजला टिकला. त्यामुळे रडारड लवकर थांबली.

"म्हणजे माझंच बरोबर," नाना एकदम खुलले. "बदल करा, पण मजला ठेवा."

"रेल्वेच्या वायरी वर आहेत, नाना. बसच्या वर आकाश आहे."

"त्रेचाळीस वर्षं त्याच वायरींखालून गेलो की नाही?"

अण्णांना याचं उत्तर देता आलं नाही. म्हणाले, बघून सांगतो. अजून बघतायत.

तेवढ्यात सुनेने मोबाइल काढून तिच्या डब्यातल्या बायकांचे निरोप वाचून दाखवले. संध्याकाळची लोकल पुन्हा पुढच्या स्टेशनाबाहेर रखडलेली. पुढे कोणाला काढलं, तर वंदे भारतला. 30 सप्टेंबर 2022 ला ही गाडी सुरू झाली तेव्हा आमच्या इथली पोरं फाटकावर उभी राहून हात हलवायची. आठवड्याभरात गुजरातेत म्हशी आडव्या आल्या आणि तिचं नाक फुटलं, तेव्हा काही जण मनातून हसलेही. पांढरी, देखणी, आत सगळं चकाचक. पालघरला थांबत नाही, बोईसरला थांबत नाही. आमची ओळख एवढीच की ती जाताना आमची गाडी थांबते. म्हणे विरार ते डहाणू तिसरा-चौथा मार्ग झाला की हे थांबेल. चौसष्ट किलोमीटरचं काम, चालू आहे. झाडं तोडली, पूल उभे राहतायत, फलाट सरकतायत. बोईसर स्टेशनात तर आज ज्या जिन्याने चढलो तो उद्या तिथेच असेल याची खात्री नाही.

"म्हणजे पुन्हा उभं राहायची जागा बदलणार," काकी म्हणाल्या.

"बदलू दे," सून म्हणाली. "मला फक्त नव्या फलाटावर शौचालय उघडं मिळू दे. कुलूप लावलेलं नको. किल्ली कोणाकडे आहे ते शोधत फिरायला लागतं."

यावर पाच मिनिटं कुलपं, किल्ल्या आणि त्या सांभाळणाऱ्यांचा उद्धार झाला, तो इथे लिहीत नाही.

वाल संपले होते. डास यायला लागले होते. अण्णा निघता निघता म्हणाले, "नाना, तुम्ही कशाला राणीसाठी झुरता? आपल्या बोईसरला बुलेट ट्रेनचं स्टेशन होतंय. मुंबई-अहमदाबादच्या बारा स्टेशनांत आपलं नाव आहे. वांद्र्याहून निघाली की ठाणे, विरार, मग बोईसर. ताशी तीनशे वीस किलोमीटर. तुमची राणी सुरतेहून निघून डोळे चोळेपर्यंत ती पोहोचलेली असेल."

नानांनी पेपरची घडी काखेत धरली. बराच वेळ विचार केल्यासारखा चेहरा केला.

"त्यात पास चालेल का?"

"बुलेट ट्रेनमध्ये पास?" अण्णा.

"का नाही? महिन्याचा, तीन महिन्यांचा. सुपरफास्टचा अधिभार भरू वाटलं तर. आणि सकाळची गाडी अहमदाबाद, बडोदा, सुरत करत बोईसरला येईल तेव्हा ती भरलेलीच असणार, हे आत्ताच सांगून ठेवा त्यांना. दारापाशी जरा मोकळी जागा ठेवा म्हणावं. पेपर टाकून बसण्यापुरती."

"तिथे पेपर टाकून बसलात तर दंड करतील, बाबा," सून म्हणाली.

"करू देत. पावती घेऊन ठेवीन." मग काकींकडे वळून म्हणाले, "ती जुनी पँट कुठे ठेवलीयस, मागून दुहेरी शिवण मारलेली?"

"बोहारणीला दिली," काकी म्हणाल्या, "स्टीलच्या चाळणीवर." आणि वालाचं ताट उचलून आत गेल्या.